आडरानातली पिकअप : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम पिकअप मिळवा, आणि ती जुनीच मिळवा. नवी गाडी चिखलात घालताना हात थरथरतो, शिवाय तिचे हप्ते चालू असतात. परदेशी शौकीन या कामासाठी टोयोटा हायलक्स घेतात. 2003 साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमात एका म्हाताऱ्या हायलक्सला समुद्रात बुडवलं, पेटवलं, उंच इमारतीच्या माथ्यावर चढवून ती इमारतच पाडली. तरी ती चालू झाली. भारतात हायलक्स 2022 मध्ये आली तेव्हा तिची किंमत 34 लाखांच्या आसपास होती. तेवढ्या पैशांत पुणे जिल्ह्यात शिरूर-दौंडकडे जुन्या पिकअपची वरात निघेल. तेव्हा तुमच्यापुढे स्थळं दोनच : महिंद्राची पिकअप, नाहीतर टाटा 207. यांच्या परीक्षेसाठी इमारत पाडायची गरज नाही. उसाचा एक हंगाम काढलेला असला की पुरे.

बघायला जाल तेव्हा मालक म्हणेल, "फक्त दुधाला होती, दादा." दुधाला होती म्हणजे पहाटे चारला, थंड इंजिनावर, वर्षाचे 365 दिवस, प्रत्येक गोठ्याच्या दारापर्यंत. कांद्याला होती असं कोणीच सांगत नाही; ते वाकून मागचे पाटे बघितल्यावर कळतं. गाडी रिकामी असताना पाटे सपाट किंवा उलटे झुकलेले दिसले तर तिने तिच्या आयुष्याचा भार आधीच उचललेला आहे. चासीवर वेल्डिंगचे टाके शोधा. बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर तुम्ही पोहोचायच्या आत कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत ती उठत नाही. निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल खातंय. मालक म्हणेल, "ते डिझेल खराब होतं हो." डिझेल खराब असल्याचा धूर निळा नसतो, पण चहा आलेला असेल तर वाद घालू नका. किमतीत बघून घ्या.

कागद

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी. एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा, कारण पुढचं बरंचसं फिटनेसच्या दिवशी काढून ठेवावं लागतं.

मॉडिफिकेशन

इथे नवशिक्याचा उत्साह सगळ्यात जास्त असतो. गाडी सहा इंच उचलायची, मोठे टायर, छताएवढा स्नॉर्केल, पुढे विंच, त्याच्या पुढे लोखंडी बुलबार, वर दिव्यांची पट्टी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी आणि मूळ बनावटीशी विसंगत बदल गाडीत करू नयेत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. बुलबारवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी आणली. बुलबारमुळे एअरबॅगचा सेन्सर फसतो असं एक कारण देतात. जुन्या पिकअपमध्ये एअरबॅगच नसते, म्हणून काहीजण ही बंदी आपल्याला लागू नाही असं समजतात. समोरून चालणाऱ्या माणसाच्या मांडीला मात्र ती लागू होते.

खरं म्हणजे तुम्ही घेतलेली गाडी आधीच मॉडिफाय झालेली आहे. मागे एक जादा पाटा कुणीतरी घातलाय. हौद्याला जाळी आहे, ताडपत्रीचे हूक आहेत, फाळक्यावर आईवडिलांचा आशीर्वाद आहे. शर्यतीचे बैल नेणाऱ्या गाडीच्या हौद्यात तर रबरी मॅटही मिळेल. बैलगाडा शर्यतींना न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परत परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला, आणि तेव्हापासून शिरूरकडच्या घाटांवर अशा पिकअपची रांग लागते. बैल ज्या निगुतीने त्यात चढवतात आणि ड्रायव्हर ज्या बेताने खड्डे टाळतो, ते बघून या. आडरानात गाडी हाकण्याचं एवढं चांगलं प्रशिक्षण फी भरून मिळणार नाही. मागे लाखमोलाचा खोंड उभा असला की कोणीही क्लच हळूच सोडतो.

फोर बाय फोर हवी का, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. तुकोबांची पालखी पाटसहून पुढे रोटी घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. घाट संपला की सोडतात. फोर बाय फोरचा उपयोग तेवढाच आणि तेवढ्यापुरताच. बहुतेक पिकअपना फक्त मागची चाकं ओढतात, आणि रिकाम्या हौद्याखाली ती चाकं हलकी पडून जागेवर फिरतात. उपाय : मागच्या एक्सलच्या वर मुरमाची चार-पाच पोती टाका. पोती घट्ट बांधा. मोकळं पोतं उतारावर तुमच्या आधी केबिनमध्ये येतं.

देखभाल

हे कंटाळवाणं आहे आणि सगळं याच्यावरच चालतं, म्हणून जरा थांबून वाचा.

ग्रीसगन विकत घ्या. विंचच्या पैशात ग्रीसगनांचं दुकान येईल. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे सांधे : जिथे निप्पल आहे तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. फर्स्ट टाकून क्लच सोडताना गाडीखालून 'टक' असा आवाज आला तर क्रॉस गेलाय. मिस्त्री म्हणेल, "अजून दोन महिने जाईल." तो डांबरी रस्त्याचे दोन महिने सांगतोय.

मागच्या एक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. धावून तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून किंवा थकलेल्या सीलमधून तो पाणी ओढून घेतो. पुढच्या वेळी गिअर ऑइल दुधाळ निघतं. ब्रीदरला एक रबरी नळी लावून ती हौद्याखाली उंच बांधा. खर्च किरकोळ. स्नॉर्केलपेक्षा हे आधी करा. या गाड्या हवेच्या वाटेने पाणी पिऊन मरण्याआधी एक्सलच्या वाटेने मरतात.

डिझेलची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. चढावर डिझेल एका कोपऱ्यात जातं, पाइप हवा ओढतो आणि गाडी बंद पडते. मग सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही जाईल. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. हे घरी अंगणात, दिवसा, एकदा करून बघा. शिकण्यासाठी रात्र आणि उसाचं रान ही जागा बरी नव्हे, विशेषतः घोड आणि कुकडीच्या पट्ट्यात. तिथल्या उसात बिबट्या आहे आणि ही विनोदाची बाब नाही. अंधारात बंद पडलात तर काचा वर करा, दिवे लावा, फोन करा. उतरून बॉनेट उघडायची हौस उजाडेपर्यंत दाबून ठेवा.

कुठे जावे

भीमेकाठची काळी जमीन आणि पाबळ, कान्हूर मेसाईकडचा मुरमाड माळ, हे दोन वेगळे देश आहेत. मुरमाडावर टायरची थोडी हवा काढलीत तर पकड वाढते, धक्के कमी होतात. काळ्या रानात हवा काढून फारसं काही होत नाही. त्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, चिकट होतं, टायरच्या नक्षीत बसतं आणि तुमच्या महागड्या मड-टेरेन टायरचा गुळगुळीत रूळ करून टाकतं. पाऊस पडून गेला की वाफसा येईपर्यंत घरी थांबा. पाणंदीवर ज्यांचं घर आहे ते थांबू शकत नाहीत. रुतलेल्या गाडीला वळसा घालून पोराला पाठीवर घेऊन शाळेत जाणारा माणूस तुमच्या साहसाकडे ज्या नजरेने बघेल, तिला उत्तर तयार ठेवा.

भीमेच्या पात्रात उतरू नका. सपाट दिसतं, पण वाळू उपशाने केलेले खड्डे पाण्याखाली दडलेले असतात, आणि वरून धरणाचा विसर्ग कधी वाढेल ते नदीला विचारून कळत नाही. दुसरा धोका महसूल खात्याचा. रात्री नऊला, नदीकाठी, जुनी पिकअप, हौद्यात फावडं आणि पोती. "साहेब, ऑफ-रोडिंगला आलोय." हे वाक्य तहसीलच्या पथकासमोर म्हणून बघा. वाळूवाल्यांनीही आजवर एवढं हास्यास्पद कारण दिलेलं नसेल.

कुकडीवरचे रांजणखळगे बघायचे असतील तर टाकळी हाजीच्या बाजूने या आणि गाडी लांब लावा. तो खडक पाण्याने दगडगोटे गरागरा फिरवून हजारो वर्षांत कोरलाय; टायरने त्यात भर घालायची गरज नाही. माळावरही गाडी उधळू नका. ओसाड वाटणाऱ्या गवतात टिटवीची अंडी उघड्यावर असतात. दौंडच्या सीमेपलीकडे, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये झालं ते अशाच माळावरच्या चिंकाऱ्यांसाठी.

आणि परतताना गाडी तापली म्हणून चौफुल्याला थांबलात, असं घरी सांगू नका. तिथली कला केंद्रं घरच्यांनाही माहीत आहेत.

रुतल्यावर

रुताल. अॅक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरवाल तितकं ते खाली जातं, आणि हाफ क्लचवर झुंजत राहिलात तर करपल्याचा वास येईल, तो दौंडला गेल्यावर बिलात दिसेल. फावड्याने चाकासमोरची माती काढून उतार करा. आता चाकाखाली घालायला परदेशात रंगीत प्लॅस्टिकच्या पाट्या विकत घेतात. तुमच्या चारी बाजूंना उसाचं पाचट पडलंय. विचारून घ्या, जाड थर द्या, वर बारदान टाका, आणि सेकंडमध्ये हळू निघा.

नाही निघाली तर ट्रॅक्टर. तो बोलवावा लागत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून बांधावर चार माणसं आधीच आलेली असतात, आणि त्यातला एक ट्रॅक्टर आणायला गेलेला असतो. टोचन बंपरला लावू नका, चासीच्या हुकाला लावा. दोरावर एक ओलं पोतं टाकून ठेवा. तुटला तर उसळी कमी मारेल. दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका. पोरं उभी राहतातच, त्यांना बांधाच्या पलीकडे हाकला.

गाडी निघाल्यावर पाकीट काढाल. ट्रॅक्टरवाले अण्णा हात जोडतील, "राहू द्या हो, पैसे कशाला?" मग तुमच्या रिकाम्या हौद्याकडे बघतील. "तुम्ही शिरूरकडनंच जाणार ना? चार पोती कांदा होता."

चार म्हणजे चार नसतात. पोतं साधारण 50 किलोचं धरा आणि गाडीच्या कागदावर किती वजन लिहिलंय ते मनात गुणा. "तीस बसत्यात की," अण्णा सांगतील. बसतात. तुमची मुरमाची पोती आधी उतरवा, जड थर एक्सलच्या वर घ्या, ताडपत्री ओढा, आणि दोर फाळक्याला नव्हे, खालच्या हुकांना बांधा. बाजार समितीत सकाळी लवकर पोहोचावं लागतं.