११ ओळींचा आधार

वेब ॲप्लिकेशन बांधताना स्वतः काही लिहायचे नाही, हा आधुनिक शिष्टाचार आहे. एक लायब्ररी मागवली की तिचा अख्खा गोतावळा येऊन मुक्काम ठोकतो. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढून घेतले. कारण, दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून झालेला वाद. ११ ओळींचा हा कोड मजकुराच्या डावीकडची जागा भरून काढी, एवढेच. पण बॅबेलसारखी मातब्बर साधने त्यावर विसंबलेली होती. जगभरचे बिल्ड कोसळले आणि काही तासांत पॅकेज परत आणावे लागले.

अशा गोतावळ्यातला बिघाड शोधण्याची रीत सरळ आहे, म्हणूनच ती क्वचित पाळली जाते. त्रुटीचा संदेश वाचावा, ‘एनपीएम एलएस’ने कोणी कोणती आवृत्ती ओढली ते पाहावे, नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइल जपावी, सर्व्हरवर त्याच फाइलबरहुकूम इन्स्टॉल करणारे ‘एनपीएम सीआय’ चालवावे. प्रचलित रीत वेगळी: पॅकेजांचे फोल्डर उडवायचे, पुन्हा इन्स्टॉल करायचे, तरी भागले नाही तर लॉकफाइलही उडवायची. मग नव्या उपआवृत्त्या आपोआप शिरतात आणि एका बिघाडाचे तीन होतात. शेवटी विसंगतीकडे डोळेझाक करणारा ‘फोर्स’ हा पर्याय लावला जातो. संदेश गप्प होतो. विसंगती तशीच राहून थेट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये प्रकटते, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी.