मेडिकलला आउट

सैन्यभरतीला जाणारी पोरं ग्राउंडला भितात. साहजिक आहे. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले तर 'एक्सलंट' आणि 60 मार्क. त्यापुढे आमच्या वेळी जेमतेम 15 सेकंदांची सवलत होती, तिथे 48, आणि मग घरचा रस्ता. बीमवर 10 पुल-अप मारले की 40 मार्क. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग नुसते पास व्हायचे. हे सगळं मी पार पाडलं. अडलं ते जिथे काहीच करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं, तिथे.

आमच्या साताऱ्याकडे फौजी सल्ल्याला तोटा नाही. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. आमचे नाना म्हणजे रिटायर्ड सुभेदार. उंची 168 सेंटीमीटर लागायची. माझी सकाळी तेवढी भरे, संध्याकाळी भरत नसे. दिवसभर उभं राहिलं की मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस थोडा खचतो, हे शास्त्र नानांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी मला भरतीच्या गावी टेम्पोच्या हौद्यात आडवा घालून नेलं, कांद्याच्या पोत्यांवर. उंची भरली. रांगेतली पुढची-मागची पोरं मात्र उगाचच डोळे पुसत होती.

मग छाती. साधी 77, फुगवून 82. घरी शिंप्याच्या टेपने महिनाभर सराव झालेला. श्वास भरला, पोट आत, खांदे मागे, टेप 82 वर. एवढ्यात हवालदारसाहेबांनी कागदावर पेन टेकवून विचारलं, "नाम?" फौजेत विचारलं की उत्तर द्यायचं, हे नानांनी शिकवलेलं. मी आडनावासकट खणखणीत नाव सांगितलं आणि आडनावापर्यंत येईतो छाती पुन्हा मूळ गावी. "फिर से," साहेब म्हणाले. या खेपेला मी गप्प राहिलो आणि त्यांनीही काही विचारलं नाही. भला माणूस.

खरा तमाशा मेडिकलला. चड्डीवर उभी पोरांची रांग. ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा वाचायचा, म्हणजे रंग ओळखता येतात की नाही ते कळतं. दातांचे पॉइंट मोजतात, 14 तरी लागतात. खोकायलाही सांगतात, तेव्हा डॉक्टरांचा हात कुठे असतो ते इथे छापण्यासारखं नाही. तळपाय सपाट आहेत का बघतात. माझ्या कानात टॉर्च मारून डॉक्टर म्हणाले, "इसमें तो गेहूं उग आएगा." रांग हसली. मीही हसलो, ऐकू नीट आलं नव्हतं, पण सगळे हसत होते.

आणि मग शेवटचं: "एड़ी मिलाओ." मी टाचा जुळवायला गेलो. गुडघे आधी भेटले, टाचा राहिल्या लांब. मी जोर लावला, तेव्हा एक गुडघा दुसऱ्यावर चढला. "नॉक नी," डॉक्टरांनी लिहून टाकलं. इतकी वर्षं याच पायांवर हिंडलो, पण घरात कुणाच्या, नानांच्यासुद्धा, हे लक्षात आलं नव्हतं. लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडे दाद मागता येते, तिथेही गेलो. मधल्या काळात आईने रात्री गुडघ्यांमध्ये उशी बांधली. हाडांनी उशीला दाद दिली नाही आणि तज्ज्ञांनी मला.

डॉक्टरांवर माझा राग नाही. वशिला, आडनाव, नानांची पेन्शन, यातलं काहीही न विचारता माणसाला बाद करणारी दुसरी परीक्षा मी पाहिलेली नाही.

आता अग्निवीरची लेखी परीक्षा आधी, ऑनलाइन होते. ग्राउंड आणि मेडिकल मागाहून. तेव्हा पोरांनो, अकॅडमीची फी भरण्याआधी आरशासमोर चड्डीवर उभे राहा आणि टाचा जुळवून बघा. कानातला मळ काढायला डॉक्टरकडे जा, काडेपेटीची काडी वापरू नका. आणि छाती मोजताना नाव विचारलं, तर आधी टेप सुटू द्या.