जायकवाडीकडे, सायकलवरून

परभणीत पन्नाशी उलटलेला माणूस सायकलवर दिसला की लोक दोनच अंदाज बांधतात: याची साखर वाढली, नाहीतर याची गाडी बँकेने ओढून नेली. ‘मी फिरायला निघालोय’ असं खरं सांगितलं, तर ते तिसरा अंदाज बांधतात आणि तो फोन करून घरी कळवतात.

माझ्या बाबतीत मूळ दोष भाचीचा. ती नेदरलँड्सला असते. तिथे ‘दे होगे व्हेलुवे’ नावाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे, साधारण ५,४०० हेक्टरचं. आत चाळीसहून जास्त किलोमीटर नुसत्या सायकलवाटा. तिकीट काढून आत गेलं की दारातच पांढऱ्या सायकली उभ्या. उचला, वापरा, परत ठेवा, भाडं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने मला त्या वाटा दाखवल्या. ना ट्रक, ना हॉर्न, ना ‘ए काका, बाजूला!’ मी शांतपणे म्हणालो, ‘‘यात काय विशेष? आमच्याकडे याहून लांब आहे.’’

आणि आहेच. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली, उद्घाटन इंदिरा गांधींनी १९७६ साली केलं. धरणामागे नाथसागर पसरला, तिथे पक्षी जमले, आणि १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झालं. याच जलाशयातून डावा कालवा निघतो, जालना जिल्हा ओलांडून आमच्या पाथरी-मानवतकडे येतो. लांबी २०८ किलोमीटर. आणि कालव्याच्या कडेने, बांधावरून, देखरेखीचा रस्ता. त्यावर एसटी नाही, ट्रॅव्हल्स नाही, टोलनाका नाही. म्हणजे रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यापासून थेट आमच्या जिल्ह्यापर्यंत वाहनमुक्त सायकलमार्ग सरकारने केव्हाच बांधून ठेवलाय. फक्त आम्हाला सांगायचं राहून गेलं.

हा शोध मी घरात जाहीर केला. बायको म्हणाली, ‘‘पक्षी बघायला पैठणपर्यंत सायकलवर? गच्चीवर कबुतरं आहेत, ती आधी हाकला.’’

जोडीला एक स्नेही मिळाले, निवृत्त बँक अधिकारी. त्यांच्या सायकलीला एकवीस गिअर. त्यातला एकच ते वापरतात. उरलेले वीस मुदत ठेवीसारखे न मोडता जपलेत. माझी तयारी अधिक शास्त्रोक्त होती. हेल्मेट, काळा चष्मा, बुडाशी गादी शिवलेली चड्डी आणि खास सायकलीचे बूट. चिखल अंगावर उडू नये म्हणून पुढे-मागे नवे, रुंद, भक्कम मडगार्डही बसवून घेतले होते. या मडगार्डांकडे वाचकांनी लक्ष ठेवावं.

ऑक्टोबरातला शनिवार. परभणी ते मानवत हा राष्ट्रीय महामार्ग ६१. उसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर नव्हते. त्यांची उणीव ट्रॅव्हल्सवाल्यांनी भासू दिली नाही. मानवतला कापसाची जुनी बाजारपेठ आहे, जिनिंग आहेत. आम्ही तिथला चहा तेवढा पाहिला.

मग कालव्यावर चढलो, आणि काय सांगू! शांतता. रब्बीची पाळी सुटायची होती, त्यामुळे पाणी तळाशी थोडं. काठाला बेशरमीची जांभळी फुलं. तारेवर नीळकंठ, खाली खंड्या, आणि एक टिटवी आमच्या नावाने ओरडत पार अर्धा किलोमीटर सोबत आली. मी भाचीसाठी व्हिडिओ काढला: ‘‘बघ, एक तरी गाडी दिसते का?’’ स्नेही म्हणाले, ‘‘गाडी का दिसत नाही, याचा विचार केलाय का तुम्ही?’’ बँकवाल्यांना प्रत्येक चांगल्या गोष्टीत थकबाकी दिसते.

तेवढ्यात परतीच्या पावसाची सर आली. दहा-पंधरा मिनिटांची, अगदीच किरकोळ.

बांधावर जिथवर मुरूम होता, तिथवर आम्ही मजेत होतो. मुरूम संपला आणि काळी माती लागली. या मातीबद्दल मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलंय. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ती बनली. तिच्यातला मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यातलं पाणी ती पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर पुढे रब्बीची ज्वारी थंडीभर उभी राहते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ नावाची टपोरी ज्वारी दिली, ती याच मातीच्या जिवावर. एवढं सगळं मला तोंडपाठ होतं. माती सायकल धरते, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आधी चाक जाड झालं. मग आवाज बदलला. मग टायर आणि माझे भक्कम मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी ठासून बसली की पुढचं चाक थांबलं. मी थांबलो नाही. हँडलवरून बाहेर पडून बांधावर आडवा झालो, आणि कालव्याकडे घसरत जाताना बेशरमीची दोन झुडपं धरून राहिलो. या वनस्पतीला आजवर फार वाईट बोललो होतो. ते सगळं मागे घेतो.

सायकल ढकलून पाहिली. ती बैलाच्या हट्टाने चारही पाय रोवून, म्हणजे दोन्ही चाकं रोवून, उभी. काडीने माती कोरली. दहा पावलांवर पुन्हा तेवढीच. बुटांचीही तीच गत. प्रत्येक पावलागणिक तळव्याला एकेक थर चढत गेला, माझी उंची वाढत गेली, आणि शेवटी डावा बूट मातीने ठेवून घेतला, पाय तेवढा परत दिला. मग सायकल खांद्यावर घेतली. सायकलीचं वजन किती, हे दुकानदाराने सांगितलं होतं. चिखलासह किती, हे सांगितलं नव्हतं. स्नेही मागून म्हणाले, ‘‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’’ ही म्हण बाहेरच्यांनी म्हटली तर आम्ही सोडत नाही. त्यांना मी सोडलं, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

खालच्या शेतातून एक म्हातारी बराच वेळ हे बघत होती. खुरपं घेऊन ती वर आली.

‘‘भाऊ, ह्या चिखलात सायकल आणतेत का कुठं?’’

‘‘फिरायला आलो होतो, मावशी.’’

‘‘फिरायला?’’ तिने माझी गादीची चड्डी नीट पाहिली. ‘‘घरी भांडण झालं का?’’

मी काही बोलायच्या आत ती खाली बसली आणि खुरप्याने चाकातली माती काढू लागली. तिच्यामागे तिचं शेत दिसत होतं. कापूस फुटून वेचणीला आला होता आणि त्या किरकोळ सरीने बोंडाबोंडातून ओला होऊन लोंबत होता. भिजलेला कापूस पिवळा पडतो, भाव पडतो, हेही मी शिकवलंय. ‘‘मावशी, कापूस भिजला की सगळा,’’ मी म्हणालो. ‘‘भिजला,’’ ती म्हणाली, मान वर न करता. ‘‘तुमचं दुसरं चाक इकडं करा.’’

मी चाक तिकडे केलं. पुढे बराच वेळ मला विनोद सुचला नाही.

मग बांधावरून तिची नात आली. अंगावर शाळेचा गणवेश, सकाळची शाळा सुटलेली, बरोबर सायकल. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्यांतली. तिच्या सायकलीला मडगार्डच नव्हते. चाकांना चिखल होता, पण चाकं फिरत होती. तिने माझ्या सायकलीकडे पाहिलं, दप्तरातून पाना काढला आणि काही न विचारता माझे दोन्ही मडगार्ड उतरवून माझ्या हातात दिले. म्हणाली, ‘‘सर, पहिल्याच पावसात काढून ठेवायचे असतेत. आम्ही सगळ्याच पोरी काढतोत.’’

‘‘सगळ्या म्हणजे?’’

‘‘ह्याच रस्त्यानं जातोत की शाळेला. मोठ्या रस्त्यावर गाड्या लई.’’

म्हणजे वाहनमुक्त सायकलमार्गाचा शोध मी लावण्याआधीच लागलेला होता आणि तो रोज वापरात होता. नुसत्या गादीच्या चड्ड्या तेवढ्या नव्हत्या. माझा बूटही तिनेच उपसून काढला.

रोहित पक्षी नाथसागरावरच राहिले. त्यांना आमची वाट पाहायची सवय नसावी. आम्ही छोट्या टेम्पोत, कापसाच्या रिकाम्या गोण्यांवर, सायकलींसह परतलो. भाचीने विचारलं, ‘‘पोचलास का अभयारण्यात?’’ मी म्हणालो, ‘‘मार्ग उत्तम आहे. मातीचा प्रश्न आहे.’’ या मतावर मी अजून ठाम आहे.

आता ज्यांच्या हाती हा बांध आहे त्यांना एवढंच सांगणं. आम्हाला रंगवलेला सायकल ट्रॅक नको, उद्घाटनाची फीत नको, पांढऱ्या सायकली तर मुळीच नकोत. त्या पहिल्याच सरीत काळ्या होतील. मुरूम टाका. रोहित बघायला जाणाऱ्यांसाठी नाही, शाळेला जाणाऱ्या पोरींसाठी टाका. आम्ही त्यांच्या मागून येऊ. आणि तोवर ज्यांना या मार्गावर यायचंच असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत यावं, मडगार्ड घरी ठेवावेत, दप्तरात नसला तरी खिशात पाना ठेवावा, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी बांधावर बाजूला उभं राहून पोरींना आधी जाऊ द्यावं.