५१ टक्के

निवृत्त झाल्यावर सहा महिने पेपर चाळत बसलेला आणि मग एका सकाळी अचानक अंगणात ठोकाठोक सुरू करणारा गृहस्थ तुमच्याही गल्लीत असणारच. कोणी सोलर चूल करतो, कोणी भुईमूग फोडायचं यंत्र. आमच्या पातूरचे सर विमान करताहेत. करोत बापडे. ठोकाठोकीची मला सवय झाली आहे आणि दुपारच्या झोपेवर मी केव्हाच पाणी सोडलं आहे. खरा छळ आहे तो टक्क्यांचा.

परवा त्यांच्याकडे चहा घेतला. चांगला झाला होता, म्हणून काकूंना तसं म्हणालो. काकूंनी तोंड उघडायच्या आत मागच्या शेडमधून आवाज आला, "दूध म्या तापवलं, साखर म्या टाकली, अद्रक म्या ठेचलं. हिनं फक्त पत्ती टाकली आन् गाळला. ५१ टक्के चहा माहा हाये भाऊ!"

काकूंनी कप उचलले. "मंग ह्या कपबशा कोन धुईन, थेही टक्क्यात सांगा."

शेडमध्ये एकदम ड्रिल मशीन सुरू झालं.

या ५१ टक्क्यांचं मूळ अमेरिकेत आहे. तिथं घरी विमान बांधणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आहे. अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा मौजेसाठी केलेलं असावं. विमानाचे सुटे भाग खोक्यात घालून विकणाऱ्या कंपन्या म्हणूनच ४९ टक्क्यांपर्यंत काम करून देतात आणि पुढचं तुमच्या गॅरेजवर सोपवतात. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावात दर उन्हाळ्यात या मंडळींची जत्रा भरते. हे सगळं सरांनी वाचलं आणि त्या दिवसापासून जगातली प्रत्येक वस्तू ते एकाच काट्यावर तोलू लागले.

मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही तर खोकंही घेतलं नाही. नुसते नकाशे मागवलेत. पत्रा कापण्यापासून सगळं तुमचंच. मग ५१ कशाला, १०० टक्के म्हणा ना."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. आयटीआयमध्ये चुकीची फाईल मारणाऱ्या पोराकडे ते असेच पाहत असणार. "१०० टक्के कोनाचंच काई नसते. अल्युमिनिअम काय म्या खोदून काढलं?"

सर आयटीआयमध्ये शीट मेटलचे निदेशक होते. वऱ्हाडातल्या अर्ध्या कूलरांना त्यांच्या विद्यार्थ्यांचा हात लागला आहे, असं ते सांगतात आणि मे महिन्यात आम्ही ते ऐकूनही घेतो. पण लग्नाच्या जेवणावळीत त्यांना ऐकून घेणं कठीण जातं. मागच्या हंगामात एका मुलीच्या बापाला त्यांनी पंगतीत गाठलं. मांडव, डीजे, केटरिंग, सगळं झकास. सर म्हणाले, "लय सुंदर केलं. यातलं तुमचं किती टक्के?" बाप बिचारा आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला, "सर, निम्मं माहं. निम्मं काढलं हाये, दोन टक्क्यानं." सर त्याला मांडव कोणी बांधला ते विचारत होते.

आमच्याकडे टक्के म्हटलं की माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक व्याज, आणि दुसरी कोणती ते पुढच्या प्रसंगात येईलच. गल्लीत नालीचं काम चाललं होतं. ठेकेदार सावलीत उभा होता. सर हातातली रिवेट गन घेऊन बाहेर आले, काम न्याहाळलं आणि सहज विचारलं, "यात तुमचे किती टक्के?"

ठेकेदाराचा चेहरा उतरला. त्यानं सरांना बाजूला घेतलं. "सर, सगळ्यायचं देऊन मले काईच उरत नाई. तरी तुमी म्हनत असान तं तुमचंही पाहू."

"मले कायले? काम तं तुमी करून रायले."

ठेकेदारानं असा माणूस उभ्या जन्मात पाहिला नसावा. कोणीतरी चौकशीला पाठवलेला माणूस समजून त्यानं त्या संध्याकाळी सिमेंटच्या चार गोण्या जास्तीच्या उतरवल्या. आमच्या गल्लीची नाली आजही शाबूत आहे. शेजारच्या गल्लीची नाही. सर तिकडे राहत नाहीत.

विमानाचं खूळ डोक्यात शिरलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. मुंबईत मेक इन इंडिया सप्ताह होता आणि कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तिथं मांडलं होतं. सर तेव्हा नोकरीत होते. रजा टाकून अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसले, विमान पाहिलं आणि परत आले. वर्गातल्या पोरांना त्या आठवड्यात त्यांनी एकही जॉब दिला नाही, नुसतं विमान सांगितलं. पुढे त्या विमानाच्या मागचा कागदोपत्री प्रवास सुरू झाला. २०१७ मध्ये नोंदणी, २०१९ मध्ये उडवून पाहायची परवानगी, मग धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या. हा क्रम सर मारुतिस्तोत्रासारखा एका दमात म्हणतात. यादवांना त्यांनी ९० टक्के दिले आहेत. सरांच्या हातून सुटलेले हे आजवरचे सर्वाधिक गुण. मला माझ्या लिखाणात ४० मिळाले, कारण कागद आणि पेन विकतचं.

बसस्टँडच्या टपरीवर एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात. विमान हा विषय निघाला की ते तळपद्यांना काढतात. १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधू नंतरचे, आपल्या पोथ्यांत सगळं होतं, वगैरे. सर सुरुवातीला शांतपणे सांगत, की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये ते 'वैमानिक शास्त्र' नीट तपासलं आणि त्यातलं एकही विमान उडू शकत नाही असं लिहून ठेवलं. पोस्टमास्तर म्हणत, ते इंग्रजी शिकलेले लोक. शेवटी सरांनी एकाच प्रश्नात वाद मिटवला. "मास्तर, तळपद्यायच्या हिमतीले माहा नमस्कार. पन तुमच्या थ्या पोथीत रिवेटचा पिच लिवला हाये काय? दोन रिवेटायच्या मंधात किती मिलिमीटर? नाई नं? मंग शून्य टक्के."

अमरावतीनंही शून्यच मिळवलं. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा अकोला जिल्ह्यात सुतकी कळा पसरली होती. आमची शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली. ती लांब करायचं घोडं शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडलेलं. आणि अमरावतीवाले चालले विमानात बसून! आम्ही सगळे चिडलो. सर तेवढे हसत होते. "थ्यायनं काय केलं? तयार इमान आनलं. एटीआर फ्रान्सात बनते. अमरावतीचं त्यात किती टक्के?" इतका दिलासा आमच्या एकाही पुढाऱ्याला देता आला नाही.

आता खुद्द विमानाबद्दल. नकाशे आहेत झेनिथ सीएच ७०१ चे. कॉन्कॉर्डवर काम केलेल्या ख्रिस हाइन्ट्झ नावाच्या अभियंत्यानं १९८० च्या दशकात हे छोटं विमान आखलं. दोन माणसं शेजारीशेजारी बसतात. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २७ फूट. रिकामं वजन साधारण २६० किलो, म्हणजे रॉयल एनफील्ड दीड. शंभरेक फुटांत जमीन सोडतं, हे सरांना सर्वांत जास्त भावलं. धावपट्टीसाठी शिवणीच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही, कापूस निघालेलं वावर पुरे. त्यावर मी म्हटलं, ते आकडे थंड देशातले, आपल्याकडे मेमध्ये ४५ अंशांत हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही दमतं. सरांनी मान डोलावली. "म्हनून तं मी डिसेंबरात उडवनार हाये." कोणत्या डिसेंबरात, हे काकूंनी विचारलं. उत्तर आलं नाही.

एकदा सकाळी शेडमध्ये जाऊन त्यांना काम करताना पाहिलं. टेबलावर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पत्रा. त्यावर ते बारीक टोकाच्या मार्कर पेननं रेघ मारत होते. शीट मेटलच्या माणसाच्या खिशात स्क्रायबर असतो, टोकदार, पत्र्यावर ओरखडा काढून खूण करणारा. सरांनी तो उभी नोकरी खिशात बाळगला. विमानाला तो चालत नाही, कारण पातळ अल्युमिनिअमवर ओरखडा राहिला की थरथरीनं तिथूनच तडा जातो. शिसपेन्सिलही नको, तिच्या ग्राफाइटनं पत्रा खातो. तो स्क्रायबर आता खुंटीला बांधून ठेवला आहे, हात सवयीनं तिकडे जाऊ नये म्हणून. रेघ झाली, भोकं पाडली, मग प्रत्येक भोकाची चुरी मोठा ड्रिल बिट नुसता हातात धरून दोन बोटांनी फिरवत काढली. भोक, फुंकर, बोट फिरवून पाहणं, पुढचं भोक. दोन पत्रे तांब्याच्या रंगाच्या क्लेकोंनी एकत्र धरले. रिवेट काठापासून तिच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवी. सर पट्टी लावत होते आणि लावून झाल्यावर पुन्हा लावत होते. एक भोक जरा बाहेर गेलं होतं. मला तर ते दिसलंही नाही. त्यांनी तो अख्खा पत्रा उचलून कोपऱ्यात टाकला. कोपऱ्यात आधीचे बरेच होते.

"सर, अहो, चालून गेलं असतं."

"चालून गेलं असतं. उडून नसतं गेलं."

खरं म्हणजे सर ठोकून बसवायच्या भरीव रिवेटांचे. पोरांना त्यांनी तेच शिकवलं. पण भरीव रिवेटला दोन माणसं लागतात. एक ठोकणार, दुसरा पलीकडून डॉली धरणार. सुरुवातीला एका तुकड्यावर त्यांनी तसं करून पाहिलं, डॉली काकूंनी धरली. चार दिवस काकूंचं मनगट दुखत होतं. त्यानंतर सरांनी हे विमान निवडलं, ज्याला एका बाजूनं ओढून बसवायच्या पॉप रिवेट चालतात. पॉप रिवेट म्हणजे बादलीवाल्याचं काम, असं ते वर्गात सांगत. हे मला काकूंनी सांगितलं. सरांनी मात्र मला एकटेपणाचे तांत्रिक फायदे सांगितले.

दिवाळीत त्यांचे जुने विद्यार्थी येतात. कोणी चाकणला आहे, कोणी वाळूजला. फराळ आला की सर विचारतात, "काय करतं तू तिथी?" मागच्या दिवाळीत एक पोरगा म्हणाला, "सर, कारचा डावा दरवाजा बसवतो." सरांनी विचारलं, "आन् उजवा?" "थो दुसऱ्या लाईनले हाये सर." सरांनी त्याला टक्के विचारले नाहीत. त्याला शेडमध्ये नेलं, हातात रिवेट गन दिली आणि आडव्या शेपटीच्या एका फासळीवर त्याच्याकडून रिवेटांची अख्खी ओळ मारून घेतली. पोरगा घामाघूम होऊन बाहेर आला आणि दारात उभा राहून त्या शेपटीचे फोटो काढत राहिला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला सरांचा राग आला नाही. आयटीआयमध्ये पोरं परीक्षेला जे जॉब करतात, नरसाळं, ट्रे, सुपली, कोपऱ्याचे जोड, त्यांना गुण दिले जातात आणि मग ते भंगारात जातात. सरांनी आयुष्यभर उत्तम वस्तू करून घेतल्या, त्यांच्यावर लाल खुणा केल्या आणि त्या किलोनं विकल्या जाताना पाहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही नरसाळं कोणाच्या घरी तेल ओतायला गेलं नाही. पोरं गेली ती डाव्या दरवाज्याला. अशा माणसानं निवृत्तीनंतर कूलर केला असता तर आम्हाला सोयीचं झालं असतं, हे खरं.

सध्याची स्थिती अशी. सुकाणू झालं. आडवी शेपटी झाली. एका पंखाच्या फासळ्या भिंतीला टांगल्या आहेत. इंजिन ऑस्ट्रियाचं, रोटॅक्स ९१२, आणि त्याची किंमत काकूंना अजून सांगितलेली नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाशी पत्रव्यवहाराची फाईल विमानापेक्षा लवकर जाड होते आहे. नोंदणी झालीच तर अक्षरं व्हीटी-पीटीआर मागायची, पातूरसाठी, हे ठरलं आहे. दुसऱ्या आसनावर कोण बसणार यावर काकूंनी निकाल दिला आहे: "मी यष्टीनंच जाईन."

हे विमान उडेल असं मला वाटत नाही. शेडच्या दारातून २७ फुटांचं काय बाहेर काढणार, हेही सरांनी मोजलेलं नाही. किंवा मोजलं असेल आणि बोलत नसतील.

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्यांनी पातूरला उतरून ते जरूर पाहावं. फक्त उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत या, त्यानंतर पत्र्याला हात लागत नाही. चहा मिळेल. सर आधी तुम्ही काय करता ते विचारतील, मग त्यात तुमचं किती टक्के ते विचारतील. उत्तर घरूनच ठरवून या.