मुदतीतले अण्णा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वस्तू विकत घेणारे पुष्कळ आहेत. वॉरंटी विकत घेणारे अण्णा एकटेच. फ्रीज, मिक्सर, गीझर ही त्यांच्या लेखी वॉरंटीबरोबर घरात येणारी अडगळ. दुकानदार वस्तूचे गुण सांगू लागला की अण्णा हात वर करतात. "ते राहू दे. किती वर्षं? आणि कुणाची, कंपनीची की तुझी?"

बिलं जपण्याचं त्यांचं स्वतंत्र शास्त्र आहे. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात, म्हणून आल्याआल्या झेरॉक्स काढायची आणि मग झेरॉक्सचं लॅमिनेशन. एकदा मिक्सरचं मूळ बिलच लॅमिनेशनला दिलं, तर उष्णतेने ते काळंठिक्कर होऊन परत आलं. तेही फायलीत आहे. "बिल होतं याचा पुरावा," असं अण्णा सांगतात.

लोकांना वर्ल्ड कपच्या तारखा पाठ असतात, अण्णांना हार्ड डिस्कच्या वॉरंटीच्या. 2002 च्या ऑक्टोबरात मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांची एक केली, हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. 2004 मध्ये सीगेटने पाच वर्षं दिली, तेव्हा वहिनींनी शिरा केला होता म्हणतात. 2011 मध्ये थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. टीव्हीसमोर सगळे हळहळत होते. अण्णा म्हणाले, "आता वॉरंटी कापणार." वर्ष सरता सरता कापलीही.

तर अशा माणसाच्या कॉम्प्युटरातून एके दिवशी टिक टिक ऐकू येऊ लागलं. दुसरा कोणी असता तर त्याच्या पोटात गोळा आला असता. अण्णांनी आधी फाइल काढली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. म्हणजे डिस्क वेळेवर आजारी पडली होती, आता वेळेवर गेली की झालं.

डिस्कमध्ये काही सेक्टर राखीव असतात. एखादा सेक्टर बिघडला की डिस्क गुपचूप राखीवातला एक वापरायला घेते आणि असे किती झाले याचा आकडा टिपून ठेवते. स्मार्ट नावाची सोय आहे, तिच्यात तो दिसतो. अण्णा रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा बघत. वाढलेला असला की दुसरा कप मागत.

"अहो, पण बारशाचे फोटो आहेत ना त्यात?" वहिनींनी विचारलं.

"फोटोंना वॉरंटी नसते," अण्णा म्हणाले. कागदावर तसं स्पष्ट छापलेलं आहे. आतल्या माहितीची जबाबदारी कंपनी घेत नाही. मुलाने त्याच रात्री मुकाट्याने फोटो दुसरीकडे उतरवून घेतले. अण्णांना ती निव्वळ हौस वाटली.

सर्व्हिस सेंटर अंधेरीला. अण्णांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. डिस्क तिच्या मूळ रुपेरी पिशवीत (ती टाकली असेल, असं तुम्हाला वाटलं?), वर बबल रॅप, आणि दादरला गाडी बदलतानाच्या रेटारेटीत सगळं पोटाशी. "धक्क्याने गेली तर 'फिजिकल डॅमेज' म्हणून परत पाठवतील," ते कुजबुजले. "गेली पाहिजे, पण आपणहून."

काउंटरवरच्या मुलीपुढे त्यांनी बिल, झेरॉक्स आणि लॅमिनेशन ओळीने मांडलं. मुलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डिस्कवरचा सीरियल नंबर टाइप केला आणि म्हणाली, "वॉरंटीत आहे, अंकल."

अण्णांचा चेहरा उतरला. "बिल बघ ना, बाळ."

"नको अंकल, सिस्टममध्ये दिसतं."

"तरी बघ."

तिने बघितलं. चांगली मुलगी होती. मग डिस्क तपासणीला लावली, आणि डॉक्टरसमोर ताप उतरलेल्या पोरासारखी डिस्क गप्प! टिक नाही, टुक नाही. टेस्ट पास. "चालू आहे, अंकल. फेल झाली की घेऊन या."

परतीच्या गाडीत अण्णा पिशवीकडे ज्या नजरेने बघत होते, ती मी त्यांच्या डोळ्यांत जावयाच्या बाबतीतही पाहिलेली नाही. घरी गेल्यावर तिने पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला मात्र ती नीट नापास झाली, मुलीने पावती दिली आणि अण्णांनी रस्त्यातच पावतीची झेरॉक्स काढली.

काही दिवसांनी बदली डिस्क आली. नवी कोरी नव्हे. कुणाची तरी परत आलेली, दुरुस्त करून तपासलेली. वहिनी नाराज झाल्या. अण्णा मात्र अटी वाचत होते. जुनीचे उरलेले दिवस किंवा 90 दिवस, यांत जास्त असेल ती मुदत. "नव्वद!" ते ओरडले.

तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू आहे. डिस्क काठोकाठ भरायची, सगळं पुसायचं, पुन्हा भरायची.

"अहो, विजेचं बिल येईल," वहिनी म्हणाल्या.

"येऊ दे. मिनिटाला 7200 फेरे मारतेय. बघू नव्वद दिवस कशी टिकते ते."

"आणि टिकली तर?"

"तर मग फसवलं म्हणायचं आपल्याला," अण्णा म्हणाले आणि डिस्क पुन्हा भरायला लावली.