भंडारा जिल्ह्यात दूरदर्शन पकडण्याची सुधारित कार्यपद्धती

ही कार्यपद्धती भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांना लागू राहील. गोंदियाने १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा करून घेतला, तेव्हा त्यांनी अँटिनाचा आपला बांबू आपण उभा करावा. आधीच्या सर्व कार्यपद्धती, म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेल्या, मेव्हण्याने सांगितलेल्या आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याने चहा पिऊन सांगितलेल्या, याद्वारे रद्द समजाव्यात.

प्रथम दिशा निश्चित करावी. नागपूर दूरदर्शनचा मनोरा सेमिनरी हिल्सवर आहे. भंडारा आणि नागपूर ही दोन शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर वसली असल्यामुळे होकायंत्र विकत घेण्याचा खर्च वाचतो. सरळ पश्चिमेकडे तोंड करावं. अचूकतेचा आग्रह असेल तर सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो ते वर्षातले दोनच दिवस, मार्च आणि सप्टेंबरातले, कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत आणि मधले महिने कार्यक्रम चुकले तरी धीर सोडू नये.

मग उंची. लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी वाकडी आहे, हे या शास्त्रातलं मूळ भांडण. सूत्र असं : मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढावं, आपल्या बांबूच्या उंचीचं काढावं, दोघांची बेरीज ४.१२ ने गुणावी. तितक्या किलोमीटरवर दोघांची नजरानजर होते. मनोरा समजा १५० मीटर धरला आणि बांबू दहा मीटर, तर उत्तर ६३ येतं. सेमिनरी हिल्सपासून भंडारा शहर सरळ रेषेत सुमारे ६२ किलोमीटर. म्हणजे एक किलोमीटर शिल्लक राहतो. तो शेजारच्या चिंचेच्या झाडासाठी राखून ठेवावा.

साकोलीकरांनी हेच गणित केल्यास बांबू १३० मीटरच्या पुढे जातो. हरकत नाही, झाडीपट्टीत बांबूला तोटा नाही. मात्र १९२७ च्या वन कायद्यात बांबू हा २०१७ पर्यंत झाडात मोडत होता, तेव्हा त्याआधी एवढा बांबू उभारला असल्यास जुने कागद सांभाळून ठेवावेत.

मनोऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची ही अडचण दिल्लीलाही समजली होती. १९८४ मध्ये देशभर जवळजवळ रोज एक या वेगाने लहान प्रक्षेपक बसवले गेले. सरकारी पाटीवर त्यांचं नाव लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र. ही शक्ती पुष्कळ ठिकाणी १०० वॅटची, म्हणजे माजघरातल्या पिवळ्या बल्बाएवढी. तिने पंधरा-वीस किलोमीटरचा मुलूख सांभाळायचा. केंद्र म्हणजे एक खोली, एक मनोरा, उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घेणारी मोठी थाळी आणि वीज गेली की जनरेटरकडे धावणारा माणूस. शेजारशेजारच्या केंद्रांना एकच चॅनेल देता येत नाही. दिला तर मधल्या गावात पडद्यावर आडव्या पट्ट्या धावतात आणि दोन्हीकडून तोच समाचार येत असूनही कोणाचाच नीट दिसत नाही. म्हणून याला पाचवं, त्याला नववं, तिसऱ्याला आणखी कुठलं अशी वाटणी करावी लागते. ज्याचं घर नेमकं दोन केंद्रांच्या मधोमध आलं त्याने घर बदलावं हा सर्वात स्वस्त उपाय.

आता मनुष्यबळ. किमान तीन माणसं लागतात. एक कवेलूवर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. कवेलूवरचा वजनाने हलका असावा, म्हणजे फुटतील ते कवेलू मोजता येतील. अंगणातला आवाजाने खणखणीत. टीव्हीसमोर मात्र ज्याला कार्यक्रमात काडीचाही रस नाही असाच माणूस बसवावा. ज्याला रस आहे तो चित्र आलं की पाहत बसतो आणि छपरावरचा उन्हात तसाच उभा राहतो. घरात आबाजी असल्यास ही जागा त्यांची. संवादाचा नमुना असा :

"आलं का गा?"

"आबाजी, आलं का म्हणते!"

"आवाज आला. माणूस नाही आला."

"थोडसा इकडं घुमव गा!"

"आता माणूस आला. मुका आहे."

आबाजींवर अविश्वास दाखवू नये. जुन्या पद्धतीत चित्र एका लहरीवर आणि आवाज तिच्यापासून साडेपाच मेगाहर्ट्झ पुढच्या दुसऱ्या लहरीवर स्वार होऊन येत असे. टीव्हीचं बटण किंचित सरकलं, की दोघांपैकी एकच घरात शिरायचा. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न घरगुती राहिला नाही. टीव्ही एकाचा आणि प्रेक्षक मोहल्ल्याचे. छपरावर चढायला स्वयंसेवक रांग लावत. माणूस आणि आवाज दोघेही एकदम आले, की बांबूला तिथल्या तिथे तारेने आवळावं आणि त्याला हात लावणाऱ्याशी बोलणं बंद करावं. वानरांना हा नियम समजावून सांगता येत नाही.

यानंतर वारंवारता बदलण्याचा भाग येतो, आणि इथे मन घट्ट करावं लागतं. अँटिनाची मुख्य दांडी लहरीच्या निम्म्या लांबीची हवी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहर मीटरमध्ये मिळते. पाच ते बारा क्रमांकाचे चॅनेल १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये बसतात. २०० धरलं तर लहर दीड मीटर, दांडी ७५ सेंटिमीटर. उद्या तेच केंद्र ५०० मेगाहर्ट्झवर गेलं तर दांडी ३० सेंटिमीटर. म्हणजे बदल जाहीर झाला की छपरावर लोखंड कापायची करवत घेऊन चढणं आलं. मागची लांब दांडी परावर्तनाची, ती प्रमाणात ठेवावी. पुढच्या आखूड दांड्या दिशा दाखवणाऱ्या, त्या जितक्या जास्त तितकी अँटिनाची नजर तीक्ष्ण आणि बांबूचं डोलणं अधिक. बूस्टर लावावा की नाही? लावावा. पडद्यावरच्या मुंग्या तेवढ्याच राहतात, पण ठळक दिसतात.

बदलाची सूचना कुठे मिळेल, हे लक्षपूर्वक वाचावं. सूचना त्याच चॅनेलवर पट्टीतून सरकते. ज्यांना तो चॅनेल स्पष्ट दिसतो ते ती वाचतात. ज्यांना पट्टीच्या जागी मुंग्याच दिसतात, त्यांना काहीतरी बदलणार आहे एवढाच सुगावा लागतो. आणि बदल झाल्यानंतर ती नव्या जागेवर दिसू लागते, जी जागा तिच्यात सांगितलेली असते. ही व्यवस्था इतकी परिपूर्ण आहे की तिच्यात सुधारणा सुचवण्याचं धाडस आम्ही करत नाही.

प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलं की जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बहुतेक बंद झालेच आहेत, उरलेले मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास तेवढे राहतील. कारणं बिनतोड होती. फाइव्ह-जीसारख्या कामांना लहरींची जागा मोकळी होणार, वर्षाला शंभर कोटींच्या आसपास खर्च वाचणार. खरं सांगायचं तर गावांतून फारसा हाकाटाही झाला नाही. रडायला आधी पाहत असावं लागतं.

ज्यांना तरीही जमिनीवरून येणारं, पण डिजिटल दूरदर्शन हवं, त्यांच्यासाठी पुढील सूचना. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत ही सेवा सुरू केल्याचं जाहीर केलं. एका प्रक्षेपकावरून पाच चॅनेल, फोनला जोडायच्या डोंगलवरही चालतील असे, महिन्याचं भाडं शून्य. या १६ मध्ये महाराष्ट्राची दोन शहरं होती, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. यादीत नागपूर नव्हतं. तेव्हा भंडारेकराने अँटिना औरंगाबादकडे वळवावा. अंतर सरळ रेषेत सुमारे ४७० किलोमीटर. वरचंच सूत्र वापरून, तिकडचा मनोरा १५० मीटर धरला, तर बांबू दहा किलोमीटरहून थोडा उंच निघतो. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. कवेलूवरच्या माणसाला स्वेटर द्यावा.

बांबू उभा झाला तरी टीव्हीत डीव्हीबी-टी२ जातीचा ट्यूनर असावा लागतो, आणि आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक टीव्हींत तो नसतो. प्रक्षेपक उभारायचा, पण तो ज्याने पाहायचा ती वस्तू बाजारात आणायची घाई करायची नाही, यामागचा हेतू बहुधा लोकांच्या डोळ्यांची काळजी हाच असावा. शिवाय डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र येतं तर लख्ख येतं, नाहीतर काळा पडदा. अर्धवट सिग्नलवर अर्धवट क्रिकेट पाहण्याची सोय, जी अ‍ॅनालॉगने गरिबातल्या गरिबाला दिली होती, ती संपली. आबाजींचं पदही रद्द झालं. "आवाज आला, माणूस नाही आला" म्हणायला आता दोघांपैकी एक तरी यायला हवा.

म्हणून जिल्ह्याने उपग्रहाची छत्री स्वीकारली. डीडी डायरेक्ट प्लस या नावाने डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता फ्री डिश म्हणून ओळखली जाते. छत्री आणि डब्बा एकदा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. भंडाऱ्याहून तो दक्षिणेपासून ३४ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर, म्हणजे आग्नेयेला. वास्तुशास्त्राने ही दिशा स्वयंपाकघराला दिलेली आहे, त्यामुळे घरात मतभेद झाल्यास छत्री छपरावर आणि चूल खाली अशी तडजोड करावी. छत्री बघायला कमी तिरपी वाटते म्हणून तिला आणखी आभाळाकडे वाकवू नये. तिचा वाडगा मुद्दाम एका अंगाने कापलेला असतो, ती समोर पाहते असं भासवून वरचं झेलते.

या व्यवस्थेचं भूगोलशास्त्रही जाणून घ्यावं. सेमिनरी हिल्सवर तयार झालेला एखादा कार्यक्रम पूर्वी ६२ किलोमीटर चालून भंडाऱ्याला यायचा. आता तो आधी दिल्ली गाठतो, तिथून सुमारे ३६,००० किलोमीटर वर चढतो, तेवढाच खाली उतरतो आणि मग घरात शिरतो. एवढा प्रवास करूनही तो एसटीच्या आधी पोहोचतो, याचं श्रेय प्रकाशाच्या वेगाला द्यावं. फक्त जोराचा पाऊस आला की वाटेत अडकतो. छत्रीवर येणाऱ्या आखूड लहरी पावसाने विझतात, जुन्या मनोऱ्याच्या लांब लहरींना पावसाचं काही वाटत नसे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती. अशा वेळी बातम्या कुठून मिळवायच्या हा प्रश्न मात्र विनोदाचा नाही, आणि त्याचं उत्तर या कार्यपद्धतीत नाही.

छत्रीलाही बदल चुकत नाहीत. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या सकाळी डब्ब्यावर ऑटो स्कॅन करावं आणि काय गेलं ते पाहावं. १ एप्रिल २०२२ रोजी स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि कलर्स रिश्ते या चार वाहिन्या एकदम निघून गेल्या. मालिकांतल्या कितीतरी सुना त्या दिवशी कथानकाच्या मधोमध अडकल्या. तारीख पाहता बऱ्याच घरांत ती थट्टा समजली गेली असणार.

शेवटचा भाग भविष्याचा. इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टीव्ही उतरवण्याचे प्रयोग सुरू आहेत. आयआयटी कानपूर त्यात आहे, आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याचा विचार २०२४ च्या सुरुवातीला बोलून दाखवला गेला. म्हणजे दूरदर्शन पुन्हा जमिनीवरून येणार. वरच्या सूत्राने या पट्ट्याला दांडी सुमारे ३० सेंटिमीटरची लागते आणि फोन असतो त्याच्या निम्मा. कंपन्या त्यावर काहीतरी तोडगा काढतीलच, पण जागरूक नागरिकाने वाट पाहू नये. छपरावर गंजत पडलेला जुना अँटिना उतरवावा. त्याच्या ७५ सेंटिमीटरच्या दांडीतून ३० चे दोन तुकडे निघतात, एक आपल्या फोनला, एक सूनबाईंच्या. उरलेला १५ सेंटिमीटरचा तुकडा भंगारवाल्याला द्यावा, आणि तो देत असलेल्या भावात घासाघीस करू नये, कारण एवढ्या तुकड्याचा त्याच्या काट्यावर भाव निघत नाही.