एक गाडी धर्माला

दान म्हणजे स्वतःचे काहीतरी कमी करून घेणे, असा भाबडा समज आपल्याकडे कर्णाच्या काळापासून चालत आला आहे. अंगाची कवचकुंडले कापून देणारा तो राजा व्यवहाराला किती कच्चा होता, हे कळायला इटलीतल्या मारानेल्लोकडे पाहावे. फेरारीच्या ‘एन्झो’ची संख्या 399 वर थांबणार होती. मग चारशेवी निघाली, पोप जॉन पॉल दुसरे यांना अर्पण झाली आणि 2005 मध्ये लिलावात विकून तिचे पैसे त्सुनामीग्रस्तांना गेले. ‘लाफेरारी’ 499 च बनायच्या होत्या. 2016 च्या ऑगस्टमध्ये मध्य इटलीत भूकंप झाला आणि पाचशेवी जन्माला आली. तिचे 70 लाख डॉलर आले. पुढच्याच वर्षी, उघड्या टपाच्या ‘अपेर्ता’ची 210 वी गाडी ‘सेव्ह द चिल्ड्रन’साठी 83 लाख युरोंना गेली. जमीन हादरली की एक गाडी वाढते, हा निसर्गनियम भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात अजून आलेला नाही. कर्णानेही एक जादा कवच घडवून घेतले असते, तर इंद्राची सोय झाली असती आणि कुरुक्षेत्रावर कर्णाचीही.

अर्थात, नवी गाडी बनवून देणे हा या विद्येतला प्राथमिक वर्ग. पदव्युत्तर शिक्षण श्टुटगार्टला मिळते. मर्सिडीजने 1955 मध्ये ‘300 एसएलआर’ या शर्यतीच्या गाडीच्या दोन बंद टपाच्या आवृत्त्या केल्या. त्याच वर्षी ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली, वर्षअखेरीस कंपनीने शर्यती सोडल्या आणि या दोन्ही गाड्या एकही शर्यत न धावता राहिल्या. मुख्य अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट त्यांतली एक रोजच्या वापराला नेत असत, म्हणून त्यांचेच नाव तिला पडले. मे 2022 मध्ये कंपनीने आपल्याच संग्रहालयात निमंत्रितांचा लिलाव भरवून एक गाडी 13 कोटी 50 लाख युरोंना विकली. लिलावातला आधीचा विक्रम एका फेरारी ‘250 जीटीओ’चा, 4 कोटी 84 लाख डॉलरचा, हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. आलेल्या पैशांतून पर्यावरणशास्त्र आणि कार्बन कमी करण्याच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा राहिला. तीन लिटरच्या आठ सिलिंडरी पेट्रोल इंजिनाने हवेची चिंता वाहावी, यापेक्षा मोठे प्रायश्चित्त कुठल्या इंजिनाने घेतले असेल? मला मात्र त्या दुसऱ्या गाडीचे कौतुक वाटते. ती संग्रहालयातच राहिली. आदल्या दिवशी तिची किंमत तज्ज्ञांच्या अंदाजाची बाब होती. जोडीदारीण धर्माला लागताच ती जगातल्या सर्वात महाग गाडीची सख्खी बहीण झाली. दोनपैकी एक देऊन उरलेलीचे मोल आणि देणाऱ्याचे नाव दोन्ही एका दुपारी वाढवणे, याला नुसता परोपकार म्हणणे कमीपणाचे ठरेल.

यावर कोणी म्हणेल की पैसे तर पोहोचले ना? ढिगाऱ्याखालच्या माणसाला चॅसीचा नंबर विचारायची फुरसत नसते. खरे आहे, आणि त्या पैशांबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आभाराच्या पत्त्याबद्दल आहे. रोख मोजली ती बोली लावणाऱ्याने, आणि त्यालाही बदल्यात गाडी मिळाली. कारखान्याचा खर्च काय, तर एका गाडीचे साहित्य, मजुरी आणि आधीच्या ग्राहकांना दिलेला शब्द. दुसरा आक्षेप असा की मर्सिडीजने दोन्ही गाड्या ठेवून घेतल्या असत्या तर कोणी विचारले असते? कोणीच नाही. पण न विचारताही ज्यांनी खरोखर दिले, त्यांची उदाहरणे आहेत म्हणून तर तुलना करावी लागते. इंग्लंडमधल्या एका शौकिनाने मृत्युपत्रात आपल्या दोन फेरारी, ‘250 जीटी एसडब्ल्यूबी’ आणि ‘275 जीटीबी/4’, समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या ‘आरएनएलआय’ या संस्थेला ठेवल्या. 2015 मध्ये डक्सफर्डला त्या विकल्या गेल्या, 85 लाख पौंडांच्या घरात. अशा देणगीवर तिथला 40 टक्क्यांचा वारसाकर लागत नाही, तेव्हा थोडा वाटा सरकारनेही उचलला म्हणा. तरी त्याच्या घरातल्या दोन गाड्या कमी झाल्या आणि बदल्यात तिसरीचा भाव वाढला नाही. इतक्या सरळ हिशेबात सदर लिहिणाऱ्याला काही मिळत नाही.

हे गणित जगात एकाच खात्याला नीट समजले, ते म्हणजे अमेरिकेचे करखाते, आणि तेही ठेच लागल्यावर. जुनी गाडी संस्थेला द्यायची आणि तिची किंमत आपणच ठरवून करातून वजा करायची, अशी तिथली रीत होती. 2003 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी अशा 54 गाड्यांचा माग काढला. साधारण दोन-तृतीयांश प्रकरणांत, देणाऱ्याने दाखवलेल्या किमतीच्या 5 टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या पदरात पडली होती. पुढच्या वर्षी कायदा बदलला: संस्थेने गाडी नुसती विकून टाकली, तर पाचशे डॉलरच्या वर विक्रीत आले तेवढीच वजावट. औदार्याला पावतीची अट घातल्यावर कितीजणांचे औदार्य ओसरले असेल, ते वाचकांनी ताडावे.

आपल्याकडच्या संग्राहकांवर या बाबतीत अन्याय नको. आपला आयकर कायदा वस्तुरूपाने केलेल्या दानाला वजावट देतच नाही, आणि रोखीलाही दोन हजारांवर देत नाही. म्हणजे करसवलत हवी असेल, तर इथल्या राजेरजवाड्यांच्या नातवाला गाडी आधी विकावी लागणार, पैसे बँकेतून द्यावे लागणार, आणि गाडी खरोखरच हातची जाणार. रॅलीच्या रविवारी दिसणाऱ्या आपल्या व्हिंटेज गाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात इतक्या सुखाने का नांदतात, याचे श्रेय बरेच लोक मेकॅनिकला देतात.